खपली धरली, की पडली?

आमच्यासारख्या घरांत आजारांनाही दोन-दोन नावं असतात. माझ्या माहेरी, बेळगावात, कांजण्या यायच्या; सासरी हुबळीत 'अम्मा' येते. गालगुंड झालं की शेजारच्या अक्का 'मंगन बावु' म्हणतात, म्हणजे माकडाची सूज! ते नाव ऐकून आजारी पोरसुद्धा हसतं. गोवर म्हणजे दडार. डोळे आले म्हणजे कण्णबेनी. आणि ताप आमच्याकडे एकटा येतच नाही, अनेकवचनात येतो : 'ज्वरा बंदाव्रि.' चाळीस वर्षं ऐकतेय, तरी मला त्याची गंमत वाटते.

एक शब्द मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखा आहे. मराठीत हजेरी, कन्नडमध्ये हाजरी. माझा सगळा जन्म या एका शब्दात गेला म्हटलं तरी चालेल, कारण हुबळीच्या सरकारी कन्नड प्राथमिक शाळांत मी शिक्षिका होते आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका. २०२२ मध्ये निवृत्त झाले. मुलं आणि त्यांच्या आया मला 'अक्कोर' म्हणत. आमच्या घरात अजूनही कुणी चिडवायचं झालं की 'अक्कोर आल्या' म्हणतात.

हाजरीच्या पुस्तकातून मुलांचे आजार वाचता येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पावसाळा सुरू झाला की जुलैत ठिकठिकाणी दोन-तीन दिवसांच्या रेघा दिसतात. तो ताप-सर्दी-खोकला. उन्हाळ्याच्या तोंडाला, फेब्रुवारी-मार्चात, एखाद्या नावापुढे आठ-दहा दिवसांची लांब रेघ येते. तिथे डोळे मिटून समजायचं, कांजण्या. आणि अशी लांब रेघ दिसली की मी दुसऱ्या वर्गाचं पुस्तक मागवायची. बहुतेक वेळा तिथेही तेवढीच लांब रेघ असायची. आडनाव तेच, घर तेच. फक्त ही रेघ मुलीच्या नावापुढे, आणि मुलगी ठणठणीत!

२०१८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगते. पाचवीतली एक मुलगी सहा दिवस आली नाही. हुशार होती असं मी म्हणणार नाही, पण पाढे म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा, त्यामुळे ती नसली की वर्ग रिकामा वाटायचा. तिचा भाऊ पहिलीत. सातव्या दिवशी ती दप्तराशिवाय शाळेच्या फाटकाशी आली आणि म्हणाली, "अक्कोर, तम्मग अम्मा बंदाळ्रि. मन्याग यारू इल्रि." धाकट्याला कांजण्या आल्यात आणि घरी कुणी नाही. आई सकाळी सहाला चार घरची धुणीभांडी करायला जाते, बाप हमालीला. ती फाटकाशी का आली होती? तर दुपारचं जेवण डब्यात घालून मिळेल का, हे विचारायला.

जेवण दिलं. मग विचारलं, भाऊ कसा आहे? म्हणाली, बरा आहे, अंगावरचं सगळं वाळलंय, गल्लीत गोट्या खेळतोय. मग शाळेत का पाठवत नाही? तर तिने मला आमच्याच शाळेची चिठ्ठी सांगितली! खपल्या पडल्याशिवाय शाळेत घ्यायचं नाही, असं चिठ्ठीत लिहिलंय ना, अक्कोर.

चिठ्ठी खरीच होती. साथीच्या दिवसांत पालकांना द्यायचा तो छापील कागद मी त्या शाळेत जायच्या आधीपासून चालत आलेला. कांजण्या, गोवर, गालगुंड, डोळे, खरूज, प्रत्येकाला एक ओळ. कांजण्यांच्या ओळीत होतं, सगळ्या खपल्या गळून पडेपर्यंत मुलाला घरी ठेवावे. वाचायला किती रास्त वाटतं! मलाही वाटायचं, की ते कुणा डॉक्टरनेच लिहिलं असणार.

त्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या भागातल्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, विजापूरकडच्या, बोलणं अगदी तुकड्या-तुकड्यांत. त्या म्हणाल्या, मॅडम, खपली धरली की झालं. पडायची वाट कशाला बघता? कांजण्यांच्या फोडांतल्या पाण्यात विषाणू असतो. अंगावरचा शेवटचा फोडसुद्धा वाळून त्यावर खपली धरली आणि नवीन फोड उठायचा थांबला, की मुलापासून दुसऱ्याला लागण होत नाही. याला साधारण पाच ते सात दिवस लागतात. खपल्या गळून जायला मात्र दोन-दोन, कधी तीन आठवडे लागतात. त्या नुसत्या वाळलेल्या कातड्या. त्यांच्यात काही नसतं.

मग हे 'गळून पडेपर्यंत' आलं कुठून? डॉक्टरबाईंनी खांदे उडवले. नंतर वाचता-वाचता मला उत्तर सापडलं. ते देवीच्या रोगातून आलेलं असावं. देवीचा रोगी शेवटची खपली पडेपर्यंत दुसऱ्याला रोग देऊ शकत असे, त्या खपल्यांत विषाणू जिवंत राही. तेव्हा तो नियम शंभर टक्के बरोबर होता. माझ्या दंडावर लहानपणी देवी टोचल्याचे वण आहेत, माझ्या वयाच्या तुम्हा सगळ्यांच्या दंडावर असतील. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यातला. १९८० मध्ये सगळ्या जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. देवी गेली, पण तिचा नियम मागे राहिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला लागू झाला. दोघींनाही आपण देवी, अम्मा, बाया अशाच नावांनी हाक मारत आलो, मग नियम वेगळा कोण करणार? घरात तर कडुलिंबाचा पाला, थंड खाणं, पहिल्या आंघोळीचा मुहूर्त, सगळं दोघींना एकच. त्यातल्या कशालाही माझी ना नाही, कडुलिंबाच्या पाल्याने खाजणाऱ्या पोराला बरंच वाटतं. पण मुहूर्ताची आंघोळ आणि खपल्या दोन्ही धरल्या तर पोर तीन आठवडे घरात.

आणि पोर तीन आठवडे घरात म्हणजे त्याची बहीण तीन आठवडे घरात. फरक एका क्रियापदाचा. मराठीत धरणं आणि पडणं, कन्नडमध्ये 'कट्टोदु' आणि 'उदुरोदु'. पाचवीतल्या मुलीचे त्यात दहा-बारा दिवस जातात. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर अपूर्णांकांचा आख्खा धडा तेवढ्यात होऊन जातो.

आम्ही चिठ्ठी बदलली. नव्या चिठ्ठीत लिहिलं : सगळ्या फोडांवर खपली धरली, नवीन फोड नाही, ताप नाही, की मुलाला पाठवा. खाली एक ओळ मी स्वतः घातली, कन्नडमध्ये आणि वस्तीत मराठी घरं होती म्हणून मराठीतही : आजारी मुलाची बहीण आजारी नसेल तर तिला शाळेत पाठवा. सहकारी शिक्षक हसले. म्हणाले, मॅडम, ओळ छान आहे, पण त्या धाकट्याजवळ बसणार कोण?

प्रश्न बरोबरच होता, आणि सगळ्या साथ-प्रतिबंधक नियमांचं घोडं तिथेच अडतं. 'आजारी मुलाला घरी ठेवा' हे वाक्य जगातल्या सगळ्या शाळा लिहितात. त्यात एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे घरी कुणीतरी आहे. आमच्या-तुमच्या घरी आजी असते, आई रजा टाकू शकते. धुणीभांडी करणाऱ्या बाईने खाडा केला तर त्या दिवसाचे पैसे गेले, आणि चार दिवस केला तर घरच गेलं. मग ती काय करते? ताप उतरायची गोळी देते आणि पोराला शाळेत पाठवते. शाळेत दुपारी गरम भात-सांबार आहे, २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेचं दूध आहे, आणि अक्कोर आहेत लक्ष ठेवायला. मी त्या बाईच्या जागी असते तर हेच केलं असतं.

त्यात भर म्हणून आमच्या शाळेत शंभर टक्के हाजरीचं बक्षीस होतं. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर स्टीलचा डबा, त्यावर मुलाचं नाव कोरलेलं. गावच्या एका दुकानदारांनी चांगल्या मनाने सुरू केलेलं. पण बघा गंमत, एका हाताने आम्ही चिठ्ठी वाटत होतो की ताप असेल तर येऊ नका, आणि दुसऱ्या हाताने ताप असताना आलेल्या मुलाला डबा देत होतो! तिसरीतला एक मुलगा डोळे लालभडक घेऊन आला, डोळ्यांतून पाणी गळतंय. घरी जा म्हटलं तर रडायला लागला. डबा जाईल म्हणून.

बरं, आजारी दिसणाऱ्या मुलाला परत पाठवून तरी काय साधतं? थोडं साधतं, पण फार नाही. कांजण्यांचा विषाणू फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतो. गोवर तर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून. फ्लूचंही तेच, पहिली शिंक यायच्या आदल्या दिवशीच पोर बाकावरच्या मित्राला प्रसाद देऊन बसलेलं असतं. म्हणजे चेहरा बघून शाळेच्या दारात अडवणं हे चोर गेल्यावर कडी लावण्यासारखं. कडी लावायचीच, पण तेवढ्यावर झोपायचं नाही.

म्हणून माझं मत हळूहळू असं झालं, की साथीची जबाबदारी चिठ्ठीतून घरावर ढकलण्यापेक्षा शाळेला स्वतःच्या आवारात जे करता येतं त्याकडे आधी बघावं. उदाहरणार्थ हात धुणं. आता हुबळीकर हसतील! कारण हुबळीत पाण्याची गोष्ट काढणं म्हणजे दुखऱ्या दातावर जीभ लावणं. मलप्रभेचं पाणी आणि नीरसागर तलाव यांच्या भरवशावर वाढलेलं हे जोडशहर. नळ चार दिवसांनी, आठ दिवसांनी, वाईट उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. 'इवत्त नळा बरताव' म्हटलं की माणसं लग्नाला जायचं रद्द करतात. अशा गावात साबण लावून वीस सेकंद हात धुवा म्हणून भिंतीवर चित्र काढायचं, तर आधी त्या चित्राखाली पाणी पाहिजे.

२००८ च्या सुमारास हुबळी-धारवाडच्या आठ वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, तो तुम्हाला आठवत असेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे या गावांतल्या घरांची पाहणी केली. चोवीस तास नळ असलेल्या वॉर्डांतली घरं आणि आठवड्याने नळ येणाऱ्या वॉर्डांतली घरं, अशी तुलना. २०१५ मध्ये ती छापून आली. लहान मुलांच्या साध्या जुलाबांत फारसा फरक दिसला नाही, पण टायफॉईड मात्र चोवीस तास पाण्याच्या घरांत बराच कमी निघाला. मला त्यात नवल वाटलं नाही. साठवलेल्या पाण्यात किती हात बुडतात हे शाळेच्या पिंपाशी उभं राहिलं की दिसतं.

आमची शाळा त्या आठ वॉर्डांत नव्हती. आम्ही एवढंच केलं : पिंपात तांब्या बुडवायची बंदी, पिंपाला तोटी बसवली, साबणाच्या वड्या नायलॉनच्या जाळीत बांधून खिडकीच्या गजाला टांगल्या, कारण सुटी वडी शाळेत एक दिवससुद्धा टिकत नाही. जेवणाआधी एकेका वर्गाची रांग. सातवीची मुलं पहारेकरी. पाणी कमी असेल त्या दिवशी तांब्याने प्रत्येकाच्या हातावर ओतायचं. जेवणाची घंटा त्यामुळे दहा मिनिटं आधी द्यावी लागली आणि वरच्या ऑफिसातून आलेल्या साहेबांनी त्याबद्दल विचारलंही. तपासणीच्या वहीत वेळ लिहिलेली असते, साबण लिहिलेला नसतो.

पण शाळेने साथ अडवावी कशी, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मी पाहिलं ते त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या फेब्रुवारीत. गोवर-रुबेलाची लस. केंद्र सरकारने देशभरची मोहीम टप्प्याटप्प्याने सुरू केली, त्यात पहिल्या टप्प्यात कर्नाटक, तामिळनाडू, गोवा, लक्षद्वीप आणि पुद्दुचेरी. नऊ महिने पूर्ण झालेल्या बाळापासून पंधरा वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाला, आधी लस घेतली असो वा नसो, एक डोस. आणि सुरुवात शाळांतून! महाराष्ट्राचा नंबर लागला २०१८ च्या नोव्हेंबरात. त्यामुळे सीमेवरच्या आपल्या घरांत मजा झाली. बेळगावच्या भाच्याला लस मिळाली, कोल्हापूरच्या भाचीला नाही, आणि दोघांच्या आया फोनवर एकमेकींना विचारतायत, तुझ्याच सरकारला कशी घाई, आणि तुझ्याच सरकारला कसा उशीर!

त्या पंधरा दिवसांत माझा फोन तापून जायचा. व्हॉट्सॲपवर फिरत होतं, ही सुई घेतली की मुलींना पुढे मूल होत नाही. एका वस्तीतल्या पंचवीस-तीस आया सकाळी शाळेत येऊन उभ्या. मी भाषण केलं नाही. माझ्या जावेची नात आमच्याच घरी राहून शिकत होती, तिला बोलावलं आणि पहिली सुई सगळ्यांदेखत तिला द्यायला लावली. मग लाडूचा डबा उघडला. दुपारपर्यंत रांग फाटकाबाहेर. सुई झाली की डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण, मतदानासारखी. पोरं दिवसभर अंगठे दाखवत हिंडत होती. आधी उल्लेख केलेली ती मुलगी तेव्हा चौथीत. तिने स्वतः सुई घेतली आणि घरी पळत जाऊन भावाला आणलं, तो तेव्हा शाळेत यायच्या वयाचाही नव्हता. त्याला शेजारच्या अंगणवाडीत देववली.

हुबळीला टोचून घेणं नवीन नाही, बरं का. मुंबई इलाख्यात असताना, १८९७-९८ मध्ये, इथे प्लेगने कहर केला होता. हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार केली ती १८९७ च्या जानेवारीत, आणि पुढच्याच वर्षी या गावात हजारोंनी लोकांनी टोचून घेतली. माझ्या आजेसासूबाई त्यांच्या आईकडून ऐकलेलं सांगत. गाव सोडून शेतात झोपड्या घातलेल्या, आणि टोचलेल्या माणसाजवळ चिठ्ठी असली की शिपाई अडवत नसे. त्या वेळीही अफवा होत्याच, व्हॉट्सॲप तेवढं नव्हतं.

आता उलट बाजू बघा. माझ्या बहिणीची मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिच्या मुलाला तिथल्या सरकारी शाळेत घालायचं, तर आधी लसींचं कार्ड. डिस्नेलँडमधून २०१४ च्या अखेरीला गोवर पसरला, त्यानंतर तिथे कायदा झाला आणि २०१६ पासून 'आमचा विश्वास नाही' हे कारण चालेनासं झालं. कांजण्यांची लससुद्धा तिथे सक्तीची. तिने भारतात दिलेल्या लसींचा कागद शोधायला आम्हाला इकडे कपाटं उपसायला लावली. तिथे मुलाने लस घेऊन शाळेत यायचं. आपल्याकडे लस मुलाकडे शाळेत आली. मला आपली रीत आपल्या मुलांसाठी जास्त बरी वाटते, कारण ज्याच्याकडे कागद नाही त्यालाच लस सगळ्यात जास्त हवी असते, आणि त्यालाच आपण फाटकाबाहेर ठेवलं तर काय मिळवलं?

फक्त हेही सांगायला हवं, की सरकारच्या मोफत लसींत गोवर आणि रुबेला आहेत, गालगुंड आणि कांजण्या नाहीत. बालरोगतज्ज्ञ त्या लसी द्यायला सांगतात आणि खासगी दवाखान्यात पैसे भरून मिळतात. म्हणून एकाच गल्लीतल्या कॉन्व्हेंटच्या मुलाला मंगन बावु होत नाही आणि सरकारी शाळेतल्या मुलाला होतो. त्या पाचवीतल्या मुलीच्या भावाला कांजण्या आल्या त्या याच फटीतून.

मग कोरोना आला. १४ मार्च २०२० पासून कर्नाटकातल्या शाळा बंद झाल्या त्या पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी उघडल्या २५ ऑक्टोबर २०२१ ला. एकोणीस महिने! सुरुवातीला बंद करण्यावाचून इलाज नव्हता, कुणालाच काही कळत नव्हतं. पण दुकानं उघडली, मंगल कार्यालयं उघडली, प्रचारसभा झाल्या, आणि शाळा तेवढी सगळ्यात शेवटी उघडली, हे मी आजही विसरू शकत नाही. २०२० च्या पावसाळ्यात सरकारने 'विद्यागम' काढलं. शाळेत मुलं येणार नाहीत, तर अक्कोर मुलांकडे जाणार. आम्ही मारुतीच्या गुडीच्या कट्ट्यावर, पिंपळाखाली, आठ-दहा मुलांना अंतरावर बसवून शिकवत होतो. उघडी हवा, तोंडाला पट्टी. शिकवण्यातली माझी ती सगळ्यात समाधानाची दोन महिने होती म्हटलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. मग राज्यात काही ठिकाणी शिक्षकांना, मुलांना लागण झाल्याच्या बातम्या आल्या आणि १० ऑक्टोबरला विद्यागम थांबवलं. गुडीचा कट्टा रिकामा झाला. मुलं कुठे गेली? तीच मुलं दुर्गदबैलात आईबापांबरोबर भाजीच्या गर्दीत बसली.

दहावीची परीक्षा मात्र त्या वर्षी जून-जुलैत झाली, साडेआठ लाखांच्या आसपास मुलं बसली. तापमान तपासून, अंतर ठेवून, मास्क घालून. म्हणजे ठरवलं तर जमत होतं. आणि मोठी शिकली-सवरलेली माणसं किती सुरक्षित असतात, तेही धारवाडकरांनी २०२१ च्या नोव्हेंबरात पाहिलं. सत्तूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात एका समारंभानंतर अडीचशेहून जास्त जण बाधित निघाले, त्यातल्या बहुतेकांनी दोन्ही डोस घेतलेले. त्यापायी आजूबाजूच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. महिन्यापूर्वी कुठे पहिलीची पोरं वर्गात आली होती!

मोजणाऱ्यांनी नंतर मोजलं. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण कर्नाटकातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचं पुस्तक वाचता येणाऱ्यांचं प्रमाण २०१८ च्या निम्म्याहून खाली गेलेलं होतं. माझं मोजमाप त्याहून लहान आहे. माझ्या कपाटात सातवी पास झालेल्या मुलांच्या टीसी होत्या. २०२० मध्ये सातवीची मुलं परीक्षेशिवाय वर गेली. त्यांना आठवीला हायस्कूलमध्ये नाव घालायचं होतं, पण हायस्कूल बंद, ही शाळाही बंद. टीसी न्यायला येणारी मुलं एकेक करून आली. काही आलीच नाहीत. पाढे मोठ्याने म्हणणारी ती मुलगी त्यांच्यात होती. चंदन वाहिनीवर आठवीचे पाठ लागत, पण ज्या घरी टीव्ही होता तिथे तो भाऊ बघायचा आणि ती आईबरोबर भांडी घासायला जायची. फोन केला, घरी जाऊन आले. आई म्हणाली, शाळा सुरू झाली की पाठवते की, अक्कोर. ती खोटं बोलत नव्हती. शाळा कधी सुरू होणार, हे मलाच सांगता येत नव्हतं.

२०२२ मध्ये, मी निवृत्त व्हायच्या आधी थोडे दिवस, मुलगी स्वतः आली. उंच झाली होती. एका कपड्यांच्या दुकानात घड्या घालायच्या कामाला लागणार होती आणि मालकाला जन्मतारखेचा कागद हवा होता. टीसीवर शाळा सोडण्याचं कारण लिहायची जागा असते. सवयीने तिथे 'पुढील शिक्षणासाठी' लिहिलं जातं, आणि २०२० मध्ये तयार केलेल्या तिच्या कागदावर कारकुनाने तसंच लिहून ठेवलेलं होतं. तिने ते वाचलं. वाचता येत होतं तिला चांगलं. काही बोलली नाही, कागद घडी करून छातीशी धरला. मी तिला बाहेरून दहावीला बसता येतं हे सांगितलं, कुठे जायचं ते लिहून दिलं, माझा नंबर दिला. भाऊ सहावीत गेला आहे म्हणाली, आणि हसून, आता त्याला काही झालं तर तो एकटा राहतो. तिने अजून फोन केलेला नाही. मी नंबर बदललेला नाही.

शाळा सोडताना मी एसडीएमसीच्या बैठकीत दोन गोष्टी मंजूर करून घेतल्या होत्या. एक, नवी चिठ्ठी तशीच राहावी. दुसरी, शंभर टक्के हाजरीच्या डब्याचा नियम बदलावा : निरोप पाठवून आजारपणात घरी राहिलेला दिवस वजा धरायचा नाही, आणि आजारी भावंडाजवळ बसलेल्या मुलीचाही नाही. फक्त तिचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, म्हणजे तीन दिवस झाले की अंगणवाडीच्या ताईंना किंवा आशाताईंना त्या घरी पाठवता येतं, धाकट्याची काही सोय लावता येते का बघायला. दर वेळी लागत नाही. दहांतल्या चारांची लागली होती.

गेल्या आठवड्यात जुन्या सहकारी बाई भाजीबाजारात भेटल्या. म्हणाल्या, नवीन मुख्याध्यापक चांगले आहेत, उत्साही आहेत, हाजरी वाढवायची म्हणून त्यांनी डब्याचा जुना नियम पुन्हा आणलाय. आणि ती वेगळी वही? ती कुठे गेली कोण जाणे. मी दुकानदारांना फोन केला. त्यांचा मुलगा आता दुकान बघतो. म्हणाला, आज्जी, डबे तुम्ही सांगाल त्याला देऊ, आमचं काय! सोमवारी अकरा वाजता मुख्याध्यापकांनी भेटायला बोलावलंय. एक कोरी वही घेऊन जाणार आहे.